नानासाहेबातले तांदूळ

वाळूजच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो, तिथं मागच्या वर्षी मला ‘सर्वात नीटनेटका विभाग’ असं प्रमाणपत्र मिळालं. ते घरात कुठंतरी आहे.

कंपनीतला कुठला वॉशर कुठल्या रॅकवर, कितव्या खणात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. घरी मात्र मागच्या मार्चपासून नेलकटर सापडलेलं नाही. नखं मी कंपनीतच कापतो. कशानं, ते विचारू नका.

मागच्या मार्चमध्ये आई गेली. तेव्हा मी ठरवलं, तिच्या वस्तूंना इतक्यात हात लावायचा नाही. विचार चांगला होता. पण ज्यांना हात लावायचा नाही त्या वस्तू हलवताही येत नाहीत, आणि ज्या हलवता येत नाहीत त्यांच्यावर दुसऱ्या वस्तू ठेवाव्या लागतात. आईच्या पलंगावर तिच्या साड्यांच्या घड्या होत्या. त्यांच्यावर माझे धुतलेले कपडे आले. त्यांच्यावर न धुतलेले. त्यांच्यावर मी ऑनलाईन मागवलेलं कपड्यांचं कपाट आलं, जे जोडायला जागा नसल्यामुळे खोक्यातच राहिलं. हॉलमध्ये पाण्याचे दोन निळे ड्रम आधीपासून होते, कारण आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ड्रमांच्या आधारानं रद्दी उभी राहिली, रद्दीच्या आधारानं खोकी. दिवाळीपर्यंत दार अर्धंच उघडायला लागलं. मी आडवा होऊन आत शिरायचो. पोट सुटल्याचं लक्षात आलं तेव्हा मला काळजी वाटली, पण ती तब्येतीची नव्हती.

कुणी घरी येतो म्हणालं की मी सांगायचो, रंगकाम चालू आहे.

“अकरा महिने?” कंपनीतला कडूबा म्हणाला. “उस्मानपुऱ्यात वन बीएचके हाय तुझं का बीबीचा मकबरा?”

मी हसलो. हसणं सोपं असतं. कुरिअरवाल्यानं एकदा अर्ध्या दारातून आत बघितलं आणि “शिफ्टिंग का सर?” असं विचारलं, तेव्हा मी “हो” म्हणालो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी पार्सल खाली चौकात जाऊन घ्यायला लागलो.

मग फेब्रुवारीत गंगापूरहून मावशीचा फोन आला. द्वारकाबाई, आईची थोरली बहीण.

“बद्री, साळूचं वर्षश्राद्ध जवळ आलं. तुझ्या घरी करू. पंचवीसएक माणसं व्हतील.”

“मावशी, मी हॉल बघतो ना. क्रांती चौकात एक छान—”

“साळूचं घर असताना हॉल? मेलेलं माणूस हॉलमध्ये कशाला यील? त्याला काय पत्ता म्हाईत हाय व्हय?”

“घरी रंगकाम—”

“मग चांगलंच की. रंगवलेल्या घरात करू. आन् भांडी वाटायची बरं का. साळूनं समद्यांची घेतली, आता समद्यांनी तिचं घ्यावं.”

भांड्यांचं सांगायला हवं. आमच्यात माणूस गेल्याला वर्ष झालं की त्याच्या नावाचं स्टीलचं भांडं नातेवाइकांत वाटतात. वर मशीननं कोरलेलं असतं : कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. आमची भावकी मोठी, आणि मरायला कुणी मागं सरत नाही. त्यामुळे आईच्या फळीवर एकतीस डबे होते, सगळे मयतीचे. त्यांतल्या धान्याला आईनं कधी डब्याचं म्हटलं नाही. “फकिरामामातली साखर काढ,” असं म्हणायची. “राजाबाईत शेंगदाणे उरलेत का बघ.” मावशीचे मालक नानासाहेब गेले, त्यांचा डबा मोठा होता, म्हणून त्यांच्यात तांदूळ. मी पहिलीत असताना बाईंनी विचारलं, तांदूळ कुठून येतात? मी म्हणालो, नानासाहेबातून.

तर वर्षश्राद्धाला बारा दिवस होते.

मी कंपनीतली पद्धत वापरायचं ठरवलं. आमच्याकडे नको असलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर छापलेलं असतं : ‘नको असलेली वस्तू. निर्णय प्रलंबित.’ मग साहेब येऊन निर्णय घेतात. मी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी आणला आणि कामाला लागलो. कपाटाच्या खोक्यावर चिकटवली. तीन छत्र्यांवर चिकटवली. आईच्या औषधांच्या पिशवीवर, तिच्या मोडक्या चष्म्यावर, तुटलेल्या पाटावर. मला इतकं बरं वाटत होतं की मी थांबलोच नाही. साड्यांवर चिकटवल्या. दारामागं तिच्या चपला होत्या, त्यांच्यावरही चिकटवली. दोनशे चिठ्ठ्या संपल्या आणि घरातली एकही वस्तू हलली नव्हती. फक्त आता घर पसरलेलं नव्हतं, पसरलेलं आणि लाल होतं. आणि साहेब कुठून आणायचा, हा प्रश्न राहिलाच.

दुसऱ्या दिवशी कंपनीत सगळे माझ्याकडे बघून गप्प होत होते. दुपारी कडूबानं माझ्या पाठीवरून एक चिठ्ठी सोडवली आणि मोठ्यानं वाचली.

“निर्णय कधी हाय?” तो म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. मग संडासात जाऊन जरा वेळ बसलो.

तिथंच मला कल्पना सुचली. पंचवीस भांडी वाटायची आहेत. घरात एकतीस भांडी आहेत. ती गेली तर फळी रिकामी होते आणि नवी आणायला नकोत. इतका नीटनेटका विचार मी कंपनीतसुद्धा कधी केला नव्हता.

मी डबे रिकामे केले, त्यांतलं सगळं पिशव्यांत ओतलं आणि दोन पोत्यांत डबे भरून रिक्षानं गुलमंडीला बन्सीकडे नेले. बन्सीचं भांड्यांवर नावं कोरायचं दुकान आहे. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्यानं एकेक डबा वाचला.

“एवढे लोक एकदम गेले?”

“नाही, सवडीनं गेले.”

“मग यांची नावं राहू द्यायची? म्हणजे दोघादोघांच्या स्मरणार्थ होईल.”

“नको. घासून काढा. त्याजागी ‘कै. साळूबाई’ टाका.”

“बुडालाही बफ मारू? घासून चकचकीत करू?”

“बूड कोण बघतंय?” मी म्हणालो.

हे वाक्य मी तेव्हापासून रोज एकदा मनात म्हणतो.

चार दिवसांनी डबे आले ते आरशासारखे. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी हॉलमधलं सगळं बेडरूममध्ये ढकललं. दार लावायला खांदा द्यावा लागला. बाहेरून कुलूप घातलं. ड्रमांवर चादर टाकून त्यांच्यावर आईचा फोटो ठेवला. घर छान दिसत होतं. कुणी राहत नसल्यासारखं.

सकाळी माणसं आली. मावशी आली, तिचा मुलगा सांडू आला, धाकटी मामी सरूबाई आली, आणखी वीसेक. मावशी दाराशी थांबून सगळीकडे बघत राहिली.

“भिंती तर त्याच हायेत. रंग कुठं दिला?”

“आत देताहेत. खोलीत. म्हणून कुलूप आहे.”

“वासबी नाय.”

“बिनवासाचा आहे.”

विधी झाले. गच्चीवर खीर-वड्यांच्या पंगती झाल्या. मग बाया खाली हॉलमध्ये बसल्या आणि मी डबे वाटायला लागलो. मोठा डबा मोठ्या माणसाला, म्हणून सगळ्यात मोठा मी मावशीला दिला.

सरूमामीनं आपल्या डब्याला टिचकी मारली. “जाड हाय ग. आता असा पत्रा मिळत नाय.”

“बद्रीनं खर्च केला हो आईसाठी,” कुणीतरी म्हणालं.

मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

मावशीनंही टिचकी मारली. मग बायका करतात तसा डबा उलटा केला, आणि तसाच धरून बसली.

आईला लग्नकार्यात भांडी हरवायची धास्ती असायची. म्हणून प्रत्येक डब्याच्या बुडाला ती खिळ्यानं खूण करायची, हे मला माहीत होतं. फक्त ती खूण म्हणजे नाव असतं, हे मी कधी बघितलं नव्हतं. आई तिसरी शिकलेली. अक्षरं वाकडी, पण खोल.

मावशीनं सावकाश वाचलं. “नाना. तांदूळ.”

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मग सरूमामीनं आपला डबा उलटा केला.

“फकिरामामा. साखर,” ती म्हणाली. “अगंबाई!”

त्यानंतर सगळ्याच बायांनी डबे उलटे केले. राजाबाई, शेंगदाणे. म्हाळसाबाई, तीळ. वच्छलाबाई, खोबरं. बाया एकामागून एक वाचत होत्या, आणि जणू हजेरी चालली होती. एका डब्याच्या बुडाला नुसतंच ‘कुणाचा आठवत नाही, रवा’ असं होतं. त्यावर सांडू मागून हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“नानांचं नाव कुठं गेलं रे?”

“घासलं.”

“का?”

मी स्टोअरमध्ये आठ वर्षं काम करतो. कुठल्याही मालाचा हिशेब विचारा, माझ्याकडे उत्तर असतं. तिथं मला एकही सुचलं नाही. मी म्हणालो, “जागा होत नव्हती.”

“डब्यावर?”

“घरात.”

तिनं स्वयंपाकघरातली रिकामी फळी बघितली. “मग तांदूळ कशात हायेत?”

मी कुलपाकडे बघितलं. खरं तर मला बघायचं नव्हतं, पण डोळे गेले.

“किल्ली दे.”

“मावशी, आत रंग—”

“बद्री. किल्ली दे.”

तिनं कुलूप काढलं. दार तिनं ओढलं नाही, ते आपोआप आलं. आधी एक छत्री पडली. मग पिशव्या, मग रद्दी, मग कपाटाचं खोकं सावकाश, मोठ्या माणसासारखं, आडवं झालं. तुरीच्या डाळीची पिशवी फुटून डाळ थेट ड्रमांपर्यंत गेली. आणि सगळ्यावर लाल चिठ्ठ्या.

मावशीच्या पायाशी साड्यांचा गठ्ठा येऊन पडला होता. तिनं वरची साडी उचलली, निळी, काठ जांभळे. मावशीनंच आईला दिलेली होती. चिठ्ठी वाचायला तिला वेळ लागला.

“नको. असलेली. वस्तू.”

“मावशी, ती कंपनीची पद्धत आहे,” मी म्हणालो.

आयुष्यात माणसाला बरंच काही बोलावं लागतं. पण आईच्या वर्षश्राद्धाला, तिच्या बहिणीसमोर, हे वाक्य मोठ्यानं म्हणालेला बहुधा मी एकटाच असेन. माझे कान इतके तापले होते की वाटलं, जावं आणि त्या खोलीत, त्या सगळ्याच्या आत कुठंतरी, जागा करून उभं राहावं. शोभलोही असतो. चिठ्ठी तर माझ्यावर आधीच एकदा लागली होती.

“कधीपासून?” मावशीनं विचारलं.

“आई गेल्यापासून.”

“आन् झोपतो कुठं?”

मी खोलीतल्या पलंगाचा एक कोपरा दाखवला. तिथं साधारण एक उशी मावेल एवढी गादी दिसत होती.

“फोन का नाय केला?”

“काय सांगणार? घर आवरता येत नाही म्हणून?”

“व्हय,” ती म्हणाली. “तेच सांगायचं.”

सरूमामीनं घसा साफ केला. “अक्का, आपण निघतो हळूहळू. गर्दी नको.” मग ती जरा थांबली. “मी माझा डबा नेते बरं का. फकिरामामा आमचेच की. आन् पत्रा चांगला हाय.”

कुणी डबा घेऊन गेलं, कुणी हळूच ड्रमावर ठेवून गेलं. जाताना प्रत्येकानं डाळ ओलांडली, आणि कुणीही खोलीत बघितलं नाही. सगळ्यांनी इतक्या काळजीनं न बघितलं की मला ते एकेकाच्या पाठीवरही दिसत होतं. सांडूनं विचारलं, “आई, गाडी काढू?”

“तू जा. मी ऱ्हाते.”

“मावशी, झोपायला जागा—”

“ती व्हईल.”

तिनं दारात फतकल मारली. नानासाहेबांचा डबा शेजारी ठेवला. मग समोरच्या ढिगातून तांदळाची पिशवी शोधली, डबा भरला, झाकण लावलं आणि माझ्याकडे दिला. मी तो फळीवर त्याच्या जुन्या जागी ठेवला. बाहेरून ‘कै. साळूबाई’, आतून तांदूळ, खालून नाना.

“आता मी एकेक दाखवते,” ती म्हणाली. “तू निस्तं सांग. ठेवायचं का द्यायचं. चिठ्ठी लावायची नाय, तोंडानं सांगायचं.”

तिनं हात घातला आणि जे पहिलं हाती आलं ते वर धरलं. आईच्या चपला.



“ठेवायच्या,” मी म्हणालो.

“घालणार हायेस व्हय?”

“नाही.”

“मग?”

मावशीनं चपला खाली ठेवल्या, त्यांत पाय घातले आणि उभी राहिली. दोन्ही बहिणींचं माप एकच होतं, हे मला माहीत नव्हतं. ती चहा टाकायला आत निघाली. एका चपलेची चिठ्ठी अर्धी सुटून तळाखाली आली होती. ती प्रत्येक पावलाला फरशीवर चिकटत होती आणि सुटत होती, चिकटत होती आणि सुटत होती.

“साखर कुठाय रे?” आतून आवाज आला.

“फकिरामामात होती,” मी म्हणालो. “ते गेले सरूमामीबरोबर.”