रंगीत ठोकळे वेगळे

मावशीला प्रोग्रॅमिंग आल्याशिवाय घर सोडायचं नाही, असा आईचा हुकूम होता. मला परगावी नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण मावशीच्या लॉन्ड्रीतलं म्हातारं मशीन माझ्या प्रोग्रॅमवर चालायचं, आणि ते रुसलं की समजूत काढायला मीच लागायचो.

म्हणून मी टाइप करायची भानगडच काढून टाकली. स्क्रीनवर रंगीत ठोकळे आणले, प्रत्येकावर एक हुकूम लिहिलेला. लाल दाराचे, निळे पाण्याचे, हिरवे फिरवायचे, पिवळे थांबायचे. बोटाने ओढायचे, एकाखाली एक चिकटवायचे. मशीन वरून खाली हुकूम पाळतं. रंगांमुळे शिकणं सोपं जातं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "मग कॉलेजात इतकी वर्षं काय करत होतास?"

शनिवारी मी निर्धास्तपणे चहाला गेलो. परत आलो तर दुकानाच्या पायऱ्यांवरून साबणाचं पाणी उतरत होतं. आरामात, पाहुण्यासारखं. आत दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट जमिनीवर पोहत होते. मशीनचं दार सताड उघडं. मावशी काउंटरवर मांडी घालून बसलेली.

"मावशे, काय केलंस?"

"काही नाही. पसारा होता, आवरला."

मी स्क्रीन बघितली. लालखाली लाल, निळ्याखाली निळा, पुढे हिरवे, पिवळे. म्हणजे दार बंद कर, लगेच दार उघड, आणि मग पाणी घे.

"तू रंगावारी लावलेस?"

"मग! लाल काय, पिवळा काय, सगळे एकत्र कोंबलेले. एकाचा रंग दुसऱ्याला लागला असता. जन्म गेला माझा लॉन्ड्रीत!"

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी खाली पाहिलं, पॅन्ट वर धरली.

"माझे कोट झाले?"

"धुऊन झालेत," मावशी म्हणाली. "पिळायचे राहिलेत."

डॉक्टरांचा जबडा उघडा तो उघडाच. ते गेले तरी मी तिथेच उभा, बुटात पाणी. नोकरी गेलीच, आता आईला काय सांगू?

"तोंड पाडू नकोस," मावशी म्हणाली. "सगळे ठोकळे पांढरे कर."

"का?"

"पांढऱ्यात पांढरं चालतं. मग मी कशाला हात लावीन?"

मी केले. तिने वाचून वाचून ठोकळे जोडले. मशीनने निमूट दार लावलं, मग पाणी घेतलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. निघताना तिने माझी बॅग उघडली, लाल शर्ट बाहेर काढला आणि वेगळ्या पिशवीत घालून दिला.