अंगठा बाहेर

आमच्या धन्यांचं नाव लग्न झाल्यापासनं मी तोंडानं घेतलं नव्हतं. बेळगुंदीत आमच्यातल्या जुन्या बायका घेत न्हाईत, सासूनं मलाबी तेच शिकवलं. नाव घ्यायचं न्हाय आणि मार गपगुमान खायचा. जळो ती रीत.

मार कशाचा, तर गाडीच्या हँडलचा. आमची पिकअप जुनी, पेट्रोलची. स्टार्टर कवाच मेलाय, म्हणून पुढनं लोखंडी हँडल घालून फिरवायचं, तवा ती चालू. तेच हँडल काढून माझ्या पाठीत. माझा बाप भावकू मिस्त्री निपाणीत असल्याच गाड्या दुरुस्त करायचा आणि मी त्याच्या हाताखाली वाढले. त्यामुळं गाडी बिघडली की दुरुस्ती माझ्याकडं, आणि न्हाय सुधारली की मारबी मलाच.

त्या दिवशी रताळ्याची पोती भरून बेळगावला निघालेली गाडी गावाबाहेरच्या चढावर बंद पडली. ढकलत परत अंगणात आणली. धन्यांनी हँडल उगारलं तशी आरोही, माझी कॉलेजला जाणारी लेक, मधी पडली. घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोरगी ओरडलीबी न्हाय, ओठात दात रुतवून खाली बसली. हनुवटीवरनं रक्त गळाय लागलं.

"गाडी चालू कर," धनी मला म्हणाले. "चालू झाली की दोघींना बघतो. हिचा दुसरा खांदा अजून शिल्लक हाय."

मी बॉनेट उघडलं. प्लगांना ठिणगी धाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला पडून टायमिंग मागं सरकलं होतं. ठिणगी उशिरा पडत होती, मग गाडी चढ कशी चढंल? डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला की काम झालं.

"टायमिंग जरा पुढं घेते," मी म्हंटलं.

"जरा कशाला? चांगलं पुढं घे, ताकद यिऊ दे."

"लई पुढं घेतलं तर ठिणगी आधीच पडून हँडल उलटं मारंल, अहो."

त्यांनी माझ्या कानफटात ठेवून दिली. कानात शिट्टी वाजाय लागली. "बाईनं मला शिकवायचं न्हाय. पुढं म्हंटलं की पुढं."

बरं. पुढं तर पुढं. त्यांच्या डोळ्यांदेखत डिस्ट्रिब्युटर फिरवला. "अजून?" विचारलं. "अजून," म्हणाले. अजून फिरवला आणि बोल्ट आवळला.

पान्हा धरायच्या आधी बापानं मला हँडल धरायला शिकवलं होतं. चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला. अंगठा वळवून मूठ आवळली आणि हँडल उलटं आलं, तर हात सुटत न्हाय, मोडतो. धनी मात्र हँडल काठीगत धरायचे, अंगठा घट्ट आवळून. मी रोज बघायची. आजबी बघितलं आणि गप बसले.

त्यांनी जोर लावून हँडल फिरवलं. इंजिन एकदाच भडकलं, उलटं. हँडलनं मनगट मोडलं, अंगठा मुळातनं फाडला आणि उसळून त्यांच्या तोंडावर बसलं. धनी मातीत पडले. मनगटातनं पांढरं हाड बाहेर आलतं, शेजारी दोन दात पडलेले. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

डिस्ट्रिब्युटर मागं घेऊन जागेवर आणला. अंगठा बाहेर ठेवून हँडल मारलं, पहिल्याच फेऱ्याला गाडी चालू झाली. आरोहीला माझ्या शेजारी बसवलं. ओरडा ऐकून आलेल्या भावकीच्या गड्यांनी धन्यांना मागं रताळ्याच्या पोत्यांवर टाकलं.

बेळगावच्या दवाखान्यात दोघांचीबी हाडं बांधली. आरोहीला घेऊन मी निपाणीला, बापाच्या घरी निघाले. धनी खाटेवरनं बघत होते.

"मंगल," ते सुजल्या तोंडानं म्हणाले, "अंगठ्याचं तुला ठावं होतं?"

मी दारात थांबले.

"व्हय, नागोजी," मी म्हंटलं. "आम्हाला मारताना धरतोस, तसंच धरलं होतंस."