पाच चांदण्यांवाले काका

ऐक फक्त. मधे बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते.

आपली तायडी त्या संस्थेत लागली होती ना, जिथल्या नर्स घरी जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांचं करतात? ती ऑफिसात बसून देणगीदारांची नावं-पत्ते सांभाळायची. नोकरी अजून कच्ची. तर तिकडे एक सल्लागार आला. दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि मुक्कामच ठोकला, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. पाहुण्याचं म्हणणं, नवे देणगीदार शोधत गावभर कशाला फिरता? जो थोडंथोडं पण न चुकता देतोय, तोच उद्या मोठं देईल. आपल्याच यादीत शोधा. इथवर तायडीलाही पटलं. हौसेने कामाला लागली पोरगी.

मग पाहुण्याने नर्सच्या नोंदी मागवल्या. नर्स घरी जाऊन आल्या की चार ओळी टाकतात, पुढच्या नर्सला कळावं म्हणून. कुत्रा चावरा आहे, बेल बंद आहे, बाई रडतात, असलं. त्या नोंदी त्याने देणगीदारांच्या नावांना जोडायला लावल्या आणि प्रत्येकाला चांदण्या द्यायला सांगितलं. घर स्वतःचं असेल तर एक चांदणी. मुलं नसतील किंवा बोलत नसतील तर दोन. घरातलं कोणी नुकतंच गेलं असेल तर आणखी दोन.

तायडी म्हणाली, "सर, हे दुःख आहे हो त्यांचं."

"दुःख ताजं असतं तेव्हाच माणसाचा हात सैल असतो," पाहुणा म्हणाला. बिस्किट खात होता. तोंडात लगदा, मिशीत भुगा, आणि त्यातून हे वाक्य.

पाचच्या पाच चांदण्या एकालाच मिळाल्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका. बायको नुकतीच गेलेली, संस्थेच्या सिस्टरताईने शेवटपर्यंत केलेलं तिचं. दुकान भर चौकात, स्वतःचं. सिस्टरताईने लिहिलेलं, मुलीशी अबोला आहे, जेवत नाहीत, रोज आमची वाट बघतात.

पाहुण्याने शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं. "वाट बघतात. अजून काय पाहिजे?"

सिस्टरताई तिथेच चहा ओतून घेत होती. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही," एवढंच म्हणाली आणि कप तसाच टाकून निघून गेली.

संस्थेच्या मोठ्या मॅडम समोरच होत्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तायडीला म्हणाल्या, "तू जा काकांकडे. चेहरा गरीब आहे तुझा. मृत्युपत्रात दुकान आपल्या नावे करतात का बघ. तुला कायम करायचं की नाही, तेही ठरवायचंय आता." कळलं ना, काय सुचवलं बाईने? तायडीचे बाबा काम सुटून घरी बसलेले. गेली मग.

बेल वाजवायच्या आत दार उघडलं. काका दारामागेच उभे असणार. भांग पाडलेला, शर्टाचं बटण चुकलेलं.

"सिस्टर नाही आल्या?"

"मी ऑफिसातली आहे, काका."

"असू दे. तू आलीस ना. बस, बाळा."

आतल्या खाटेवर गादी नव्हती, पण उशाशी औषधाच्या बाटल्या तशाच रांगेत. तायडीने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. काका आपले आपणच म्हणाले, "दुकान तुमच्या लोकांना द्यावं म्हणतोय. तुम्ही फक्त येत जा अधूनमधून."

तायडी मला म्हणाली, त्या क्षणी पाहुण्याची नाही, स्वतःची किळस आली. आपल्याच अंगाला वास मारतोय असं वाटलं. ती भडाभडा बोलून गेली. "काका, कशावरही सही करू नका. तुम्ही एकटे आहात म्हणून आम्ही तुम्हाला निवडलंय. आधी मुलीला फोन करा." आणि चपला अर्धवट अडकवून जिना उतरली.

आता नोकरी गेलीच, असं धरून ती ऑफिसात शिरली. बघते तर मॅडम हसतायत. काकांचा फोन तिच्या आधी पोचलेला. म्हणे, इतकी सरळ पोरगी तुमच्याकडे आहे, तर आता दुकान तुम्हालाच. आणि मुलीला? नाहीच केला फोन.

पाहुणा तर खुर्चीतून उठला. "क्या बात है. पहिल्या भेटीत नकोच म्हणायचं. हे सगळ्यांना शिकवू आपण. तायडीच शिकवेल." आणि पाठीवर थाप मारली, त्याच बिस्किटाच्या हाताने. घरी येऊन तिने तो कुर्ता दोनदा धुतला.

कायम केल्याचं पत्र तिच्या पर्समध्ये आहे, त्यावर तिने अजून सही केलेली नाही. उद्या संस्थेचे वकील मृत्युपत्र घेऊन काकांच्या घरी जाणारेत. काकांनी बजावलंय, ती पोरगी शेजारी बसली तरच सही करीन. नाही गेली तर नोकरी जाते, आणि काका पुन्हा दारामागे उभे. गेली तर तिच्याच चेहऱ्यावर दुकान लाटलं जातं. रात्रभर रडून मला विचारत होती, काय करू म्हणून.

आता बोल. तू काय केलं असतंस?