सफाईची पायरी

बिल्ड फेल झाला की सुनंदाताईंचा एक अवयव तुटतो. सकाळी पहिल्यांदा फेल झाला तेव्हा करंगळी कीबोर्डवर पडली आणि पडता पडता तिने सेमीकोलन दाबला. मी तो पुसला.

"ताई, सॉरी," मी म्हटलं.

"सॉरी राहू दे. फाइल बघ." ताई माझ्या शेजारी बसतात. कोल्हापूरच्या आमच्या ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या.

बिल्ड म्हणजे आमच्या प्रोग्रामचे तुकडे यंत्र आपोआप जोडतं ते. कुठल्या पायरीनंतर कुठली, हे यंत्राला सांगणारी फाइल मी लिहिली होती, आणि घाईत चुकवली होती. दुरुस्ती जमली की नाही ते बिल्ड पुन्हा चालवल्याशिवाय कळत नाही. न चालवता बसावं, तर रक्त थांबत नाही. ते बिल्ड पास झाल्यावरच थांबतं.

मी चाळिसावी ओळ सुधारली. कान गेला. पासवर्ड बदलला. डावा हात खांद्यातून निखळला आणि खुर्चीच्या चाकात अडकला. "आता नक्की होईल," मी दर वेळी म्हणायचे, आणि मला खरंच तसं वाटायचं. दोन्ही पाय गेले तेव्हा मात्र मला स्वतःची किळस आली.

साहेबांचा फोन आला. "रोहिणी, जेवायच्या आत पाठवायचंय."

"एकच एरर राहिलीय, साहेब."

"पहिली पायरी बघितलीस काय?" ताईंनी विचारलं.

नव्हती बघितली. पहिली पायरी सफाईची, आधीचं पुसून टाकायची. काय पुसायचं ती जागा मी रिकामी सोडली होती, म्हणून यंत्र हाताशी लागेल ते तोडत होतं. मी जुन्या फोल्डरचं नाव टाकलं. पण ते फोल्डर पहिल्याच फेरीत पुसलं गेलं होतं. स्क्रीनवर आलं, 'आज हजेरीवर असलेलं नाव लिहा.'

"आज कोण कोण हाय गं?"

"आपण दोघीच."

रक्त माझ्या चपलांपर्यंत आलं. मला भीती वाटत होती. ताईंचं नाव लिहवेना, आणि माझं तर मुळीच नाही.

"सरक जरा," ताई म्हणाल्या. उरलेल्या उजव्या हाताने त्यांनी कीबोर्ड ओढला आणि माझं नाव टाइप केलं. मग सगळी फाइल वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मी ती एकदाही तशी वाचली नव्हती.

"बाकी सगळं बरोबर हाय. आता पास होतोय बघ."

त्यांनी माझी तर्जनी धरली आणि तिनेच एंटर दाबलं.