टाकीवाडीचं फाटक

कल्याणच्या पुढे रुळांना चिकटून टाकीवाडी आहे. कोळशाची इंजिनं इथे पाणी भरायला थांबायची, म्हणून ही वस्ती झाली. तानाजीचे आजोबा रूळ टाकायला आले आणि इथलेच झाले. तानाजीही एकतीस वर्षं गँगमन होता.

दोन वर्षांपूर्वी पूल बांधायचा म्हणून फाटक बंद झालं. पूल अर्ध्यात राहिला. रुळांच्या दोन्ही बाजूंना भिंत आली. फाटकाच्या जागी एक माणूस जाईल एवढं खिंडार उरलं. गाडीरस्ता आता नऊ किलोमीटरच्या वळशाने.

त्या दुपारी जेवताना तानाजीच्या हातातून भाकरी पडली. शीलाला वाटलं, सुटली असेल. मग त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं.

"अहो! अहो, काय होतंय?"

त्याला बोलायचं होतं, पण नुसता घरघर आवाज आला.

शेजारच्या रतनने अँब्युलन्सला फोन लावला. "पाऊण तास म्हणतायत, वहिनी. वळशाने यायचंय त्यांना. आपण पलीकडे नेऊ, तिकडे रिक्षा मिळेल."

दोघांनी तानाजीला चादरीत घेतलं आणि खिंडारापाशी आणलं. समोर मालगाडी उभी होती. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर डबेच डबे.

"कधी हलेल?"

"काय सांगता येतं? काल दीड तास उभी होती."

शीला खडीवरून इंजिनाकडे धावत सुटली. एक चप्पल मागेच राहिली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"दादा, माझ्या माणसाला झटका आलाय. गाडीखालून न्यायचाय. पाच मिनिटं हलवू नका, पाया पडते."

"मावशी, सिग्नल मिळाला की मला निघावं लागतं."

"ते रेल्वेतच होते हो. गँगमन."

ड्रायव्हरने सिग्नलकडे पाहिलं. तो लाल होता. "पळा," तो म्हणाला. "पलीकडे गेलात की हात करा. तोवर नाही हलवत."

ती परत आली तेव्हा तानाजीचे डोळे मिटले होते. दोन डब्यांच्या जोडाखालून ती आधी सरपटत गेली आणि चादर ओढू लागली. रतन मागून ढकलत होता. तानाजीची पाठ रुळावर अडकली.

"उचल रे!"

"उचलतोय!"

दूरवर सिग्नल बदलल्याचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या स्टेशनाकडून खोळंबलेल्या दुसऱ्या गाडीचा भोंगा वाट मागत वाजत होता. ही गाडी मात्र हलली नाही. शीलाने दोन्ही पाय खडीत रोवले आणि ओरडून चादर खेचली. तानाजी बाहेर आला, मागून रतन. तिने हात वर केला. डब्यांना हिसका बसला, चाकं फिरली.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सव्वादोन तास झाले होते. कारण पलीकडेही तासभर रिक्षा मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा यांचं काही सांगता येत नाही."

महिन्याभराने शीलाने कळव्याला बहिणीच्या शेजारी खोली घेतली. तिथून दवाखाना पायी दहा मिनिटांवर होता. टेम्पो आला. तानाजीला उचलून बाहेर काढताना त्याने डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली.

"सोडा हो," शीला म्हणाली. "इथे पुन्हा काही झालं तर मी एकटी काय करू?"

तो सोडेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शीलाने एकेक बोट उकलून काढलं.