नव्या टाकीचे अकरा रिपोर्ट

त्या पोरीला मी लॅबच्या दारातून हाकलून लावलं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. "मॅडम, उद्यापासून नव्या टाकीचा नमुना मी स्वतः काढून आणू का?" एवढंच विचारलं होतं तिनं, तेही हळू आवाजात. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! बावीस वर्षं या कारखान्यात नमुने तपासतेय मी. म्हटलं, "तुमचं एन्झाइम चालत नाही म्हणून माझ्या बाटल्यांवर संशय घेतेस होय गं? आधी स्वतःचं काम धड कर, मग मला शिकव." तिचे कान लाल झाले. फाइल छातीशी धरून ती गेली. आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे मक्याच्या स्टार्चपासून साखरेचा पाक बनतो. बिस्किटवाले नेतात, गोळ्यावाले नेतात. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ते पाण्यात कालवायचं, वाफेनं रटरट शिजवायचं आणि त्यात एन्झाइम सोडायचं, की ते माळेचे तुकडे करत सुटतं. पण आमचं जुनं एन्झाइम म्हणजे महा नखरेल. पाणी जरा आंबट झालं की हे आजारी, कॅल्शियम कमी पडलं की हे रुसलेलं. म्हणून आधी सोडा घालून आंबटपणा मारा, मग कॅल्शियम द्या, आणि पुढच्या टाकीत दुसरं एन्झाइम घालायचं म्हणून परत आम्ल ओतून सगळं आंबट करा. एवढे लाड आमच्या आईनं आम्हा दोघा भावंडांचे मिळूनही केले नसतील.

हे लाड पुरवायला एक वेगळी खोली होती, सोडाखोली. तिथे सहा माणसं. त्यांचा मुकादम माझा सख्खा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. शाळा सोडून तो या कारखान्यात लागला आणि मला विज्ञानाची पदवी मिळेपर्यंत शिकवलं. मला इथे चिकटवलं तेही त्यानंच.

त्या पोरीच्या कंपनीनं नवं एन्झाइम आणलं होतं. शास्त्रज्ञांनी म्हणे त्याची मूळ घडणच बदलली होती. उकळी सोसेल, आंबटपणा सोसेल, सोडा नको, कॅल्शियम नको. एका छोट्या टाकीत पंधरा दिवस फक्त दिवसपाळीत ट्रायल घ्यायची. पास झालं तर सगळ्या टाक्यांत तेच, आणि सोडाखोलीला कुलूप. तिथल्या माणसांना पोती भरायच्या कामावर टाकणार, असं साहेबांनी जाहीरच केलं होतं. दादाला निवृत्तीला चार वर्षं होती आणि त्याच्या कमरेत पट्टा होता. पोती कुठली उचलतोय तो!

निकाल द्यायची मी. काम सोपं. नमुन्यात आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं झालं तर स्टार्च उरलंय, तांबूस-पिवळं झालं तर तुटलंय. वर माझी सही. एकदा मी खुद्द मालकांच्या मेहुण्यानं पाठवलेला अख्खा ट्रक नापास करून परत लावला होता. तेव्हापासून माझी सही दिसली की कागद कुणी दुसऱ्यांदा वाचत नसे. मी लग्न केलं नाही, घर भाड्याचं, दिसायलाही यथातथाच. माझ्याकडे मिरवण्यासारखं काय होतं, तर हे एवढंच. आणि मी ते मिरवायचे, चांगली मान ताठ करून.

ट्रायलच्या पहिल्या दिवशी नमुना निळा. दुसऱ्या दिवशी निळा. पोरगी टाकीभोवती घिरट्या घालून अर्धी झाली. तापमान बघ, पंप बघ, एन्झाइमचं माप दुप्पट कर. तरी निळा तो निळाच. एकदाच, पाचव्या दिवशी, छान तांबूस आला. त्या दिवशी दादाची सुट्टी होती आणि नमुना दुसऱ्यानं आणला होता. मी काय केलं? त्या बिचाऱ्यालाच झापलं. "जुन्या टाकीतला घेऊन आलास, आंधळ्या!" म्हटलं, आणि तो निकाल बाद केला. कारण नमुने गार करून आणायचे सोडाखोलीनंच, बाहेरच्यानं नमुन्याला हात लावायचा नाही, ही आमची पहिल्यापासूनची रीत, आणि दादानं आणलेली बाटली म्हणजे माझ्या लेखी डोळे मिटून घ्यायची वस्तू. इतकी मी शहाणी!

अकरावा रिपोर्ट मी बाराव्या दिवशी दुपारी दिला. नापास. त्याच दुपारी पोरीनं तो प्रश्न विचारला आणि मी तिला हाकललं. संध्याकाळपर्यंत तिच्या कंपनीनं तिला परत बोलावलं. साहेब म्हणाले, "ट्रायल बंदच करतो, ताई. परवा तुमचा शेवटचा अहवाल द्या, फाइल मिटवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आले तर बाटल्या धुणाऱ्या मावशी आलेल्या नव्हत्या. आदल्या दिवशीच्या बाटल्या मोरीपाशी तशाच. म्हटलं, आपणच विसळून टाकू. नव्या टाकीची बाटली उचलली आणि तळाशी बघते तर पांढरा थर. पातळसा, पण स्पष्ट. जुन्या टाकीच्या बाटलीत काही नाही.

शिजलेलं स्टार्च तळाशी असं बसत नाही, त्याची खळ होते. थोडा थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अख्खे दाणे, कोपरे शाबूत, जसे पोत्यातून काढावेत तसे. त्या वाफेतून असा एक दाणा सलामत सुटत नाही. म्हणजे हे कच्चं स्टार्च टाकीतलं नव्हतंच, बाटलीत मागाहून पडलं होतं. वरचं नितळ पाणी वेगळं काढून त्यात आयोडीन टाकलं, तर सुंदर तांबूस. पोरीचं एन्झाइम पहिल्या दिवसापासून चोख काम करत होतं. टाकीपासून माझ्या टेबलापर्यंत चाळीस पावलं. ती चाळीस पावलं रोज एकच माणूस चालत होता.

जेवणाच्या सुट्टीत सोडाखोलीत गेले. बाकीचे जेवायला गेले होते. दादा एकटाच डबा उघडून बसला होता. मी बाटली त्याच्यापुढे ठेवली. त्यानं थराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि झाकण परत डब्याला लावलं.

"चिमे, चिमूटभरच टाकायचो," तो म्हणाला.

"का पण?"

"का म्हणजे? सहा घरं आहेत इथं. माझी कंबर तुला दिसत नाही?"

"दिसते ना! मला सांगायचंस. मी साहेबांच्या पाया पडले असते, तुला हलकं काम मागितलं असतं."

"दिलं असतं त्यांनी!" तो चिडला. "ते तुझं ऐकतात फक्त कागदावर. दुसरी कुणी लॅबमध्ये असती ना, तर तिसऱ्या दिवशी फेरतपासणी लागली असती. तुझ्या सहीवर कोण तोंड उघडणार? म्हणून तर निभावलं."

हे त्यानं अगदी कौतुकानं सांगितलं. मला वाटलं, इथेच खाली बसावं आणि भोकाड पसरावं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या सहीला किंमत होती, म्हणूनच त्यानं ती वापरली. मी त्या पोरीला तावातावानं बोलत होते, तेव्हा हा बाहेर उभा राहून ऐकत होता, हेही आता आठवलं.

"उद्याचा एक रिपोर्ट दे, संपलं," दादा म्हणाला. "पोरीचं काय, ती शिकलेली आहे. तिला छप्पन्न नोकऱ्या मिळतील."

"मी नाही देणार."

"मग तुला शिकवलं कशाला मी?" असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. गेले म्हणजे, जिन्यावर दोनदा थांबले, एकदा परतही फिरले, पण गेले. बाटली दाखवली, दाणे दाखवले, सगळं सांगितलं. कोणी केलं तेही सांगितलं. वाटलं होतं, साहेब म्हणतील, ताई, तुम्ही होतात म्हणून उघडकीला आलं. साहेबांनी फाइल ओढली आणि एकेक पान उलटत गेले.

"अकरा रिपोर्ट, ताई. अकराही तुमच्या सहीचे. आणि मधला एक चांगला आला, तो तुम्हीच बाद केलात."

"मला माहीत नव्हतं, साहेब."

"भाऊ तुमचा, बाटली तुमची, सही तुमची. मी वर काय सांगू?"

त्यांनी दादाला बोलावून घेतलं. दादा टोपी हातात घेऊन उभा राहिला. स्टार्च टाकल्याचं त्यानं कबूल केलं, आढेवेढे न घेता. मग साहेबांनी त्याला सरळ विचारलं, "ताईंना हे माहीत होतं का?"

मी दादाकडे पाहिलं. एक शब्द होता फक्त. नाही. दोन अक्षरं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांच्या टेबलाच्या कडेकडे बघत तो मूग गिळून उभा राहिला. मुकादम एकटा असता तर घरी गेला असता. लॅबच्या बाई सामील असतील तर आजवर गेलेल्या सगळ्याच मालावर गिऱ्हाईकं संशय घेतील, मग कारखानाच ते प्रकरण गुपचूप मिटवतो. हे त्याला कळत होतं. मलाही कळलं, तिथे उभ्या उभ्या.

"बरं," साहेब म्हणाले. "म्हणजे कळलं."

दादाला गेटवर बसायचं काम मिळालं, खुर्चीसकट. नवं एन्झाइम सगळ्या टाक्यांत आलं. त्या पोरीला मी माफीचं पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि का यावं? माझी नोकरी आहे. माझ्या प्रत्येक रिपोर्टवर आता दुसरी सही लागते, परवा-परवा लागलेल्या एका मुलाची. तो माझ्या देखत नमुना परत तपासतो. मग सही करतो.

महिनाभर मी दादाशी बोलले नाही. मग एका संध्याकाळी गेटमधून बाहेर पडताना त्यानंच हाक मारली.

"चिमे, किती दिवस तोंड पाडून चालणार गं? मी तुझ्याविरुद्ध एक शब्द तरी बोललो का?"

"नाही दादा," मी म्हटलं. "एकही नाही बोललास."

त्याला वाटलं माझा राग गेला. हसून त्यानं माझ्यासाठी गेट उघडलं.