थडग्यातला परका

सासऱ्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही, पण त्यांच्यापायी माझ्या नाकी नऊ आले आहेत. आमच्या देशावर इंडोनेशियाची राजवट असताना सैनिकांनी त्यांना आयलेऊ गावातल्या घरातून उचलून नेलं, तेव्हा माझा नवरा आईच्या पोटात होता. प्रेत मिळालं नाही. आमच्याकडे अशा वेळी माणूस जिथं गेला तिथं जाऊन त्याला हाक मारतात, तिथला दगड कापडात गुंडाळून घरी आणतात आणि पुरतात. मग माणूस घरी आला असं धरायचं. त्याला ताट वाढायचं, आणि बायकोनं त्या थडग्याशेजारी आपली जागा राखून ठेवायची.

तसा दगड आम्ही राजधानीतून, दिली शहराच्या किनाऱ्यावरून आणला होता. तिथं मारलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. डुक्कर कापून, यथासांग रडून पुरला. पण गेल्या वर्षापासून सासूबाईंच्या स्वप्नात एक माणूस येऊन ताटावर बसतो आणि बाजारातल्या लॉस्पालोसकडच्या बायकांसारखं, त्यांच्या फातालुकु भाषेत बोलतो. सासरे तर जन्मभर आमची मांबाई भाषा बोलले. त्यात त्यांचा तुरुंगातला एक जुना सोबती भेटला. म्हणाला, "किनारा कसला? गास्पार आतच गेला. अंधारकोठडीत." म्हणजे इतकी वर्षं आम्ही भलत्यालाच जेवू घालत होतो.

म्हणून आम्ही पुन्हा दिली शहरात आलो. आता त्या तुरुंगाचं राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय झालंय. पांढऱ्या भिंती, फोटो, काचेत टांगलेले कपडे. सासूबाईंचे गुडघे सुजलेले, सासऱ्यांचे धाकटे भाऊ लाम्बेर्तो काका बसमध्ये ओकलेले, आणि माझ्या डोक्यावर पान-सुपारीची टोपली. मनात आलं, मेलेल्यांचं बरं असतं, एका जागी पडून राहतात.

माहिती सांगायला आबिलियो नावाचे गृहस्थ होते. स्वतः इथंच कोंडलेले होते. रोज तेच तेच सांगून त्यांचा आवाज पार झिजला होता. काकांनी दगडाचं विचारलं तसे म्हणाले, "हाक खुशाल मारा. पण आजी, भिंत खरवडू नका हं. मागं एकीनं चमच्यानं खरवडली. दगड अंगणातला घ्या, मी तिकडे बघत नाही."

कोठडीत तिघांनी बसायलाही जागा नव्हती. सासूबाईंनी हातमागावर विणलेला ताइस पसरला, त्यावर सासऱ्यांसाठी सिगारेट ठेवली. काकांनी मेणबत्ती लावली, भावाला नावानं हाक मारली आणि सुपारीची दोन भकलं टाकली. आमच्या घराण्यात दोन्ही उताणी पडली की माणूस आला. एक पालथं पडलं. पुन्हा टाकली, पुन्हा तेच.

"मला ओळखत नसतील," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा केस कमरेपर्यंत होते माझे. आता ही बोळकी म्हातारी बघून कोण उठून येईल?" मग एकदम ओरडल्या, "गास्पार! अहो, नखरे पुरे झाले! मरायच्या आधी मला तुमच्या शेजारची जागा पाहिजे!"

काकांनी सुपारी टाकली. दोन्ही पालथी.

काका घाम पुसत म्हणाले, "वहिनी, दादा रागावलाय. त्याच्या जागेवर दुसरा बसलाय ना! आधी त्याला काढा. तो दगड समुद्रात टाकू, मग येईल हा."

मला पटलं. खरं सांगायचं तर, एकदाचं संपेल म्हणूनच पटलं. "आई, टाकूनच देऊ," मी म्हटलं.

सासूबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, आपण चुकून दुसऱ्याचा माणूस नेला ना?"

"हो."

"मग आपलाही कुणीतरी नेलाच असेल. लॉस्पालोसला एखादी बाई त्यांना ताट वाढत असेल. हे मांबाईत मीठ मागत असतील, आणि ती म्हणत असेल, काय म्हणतो मेला कोण जाणे."

काका हसले. त्या हसल्या नाहीत.

"मी याला समुद्रात टाकला, आणि तिकडे तिनंही यांना टाकलं तर?"

काकांनी सुपारीची भकलं उचलून खिशात टाकली.

सासूबाईंनी ताइसची घडी घातली, सिगारेट उचलून टोपलीत टाकली. अंगणात दगडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आबिलियोंपाशी गेल्या.

"बाळा, तू कुठला?"

"लॉस्पालोसचा, आजी."

"तुमच्यात पाहुण्याला 'ये, बस, जेव' कसं म्हणतात रे?"

त्यांनी सांगितलं. सासूबाईंच्या बोळक्या तोंडात ते शब्द काही केल्या बसेनात. आबिलियोंनी न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला होता.

परतीच्या बसमध्ये काका झोपले. माझीही मान पडत होती, तेवढ्यात सासूबाईंनी कोपरानं ढोसलं.

"म्हण बघू."

"आई, मी दमलेय हो."

"ठाऊक आहे. मीही दमलेय. म्हणून तर सांगतेय, माझ्यामागं त्याला तूच वाढणार आहेस. म्हण."

मी म्हटलं. चुकलं. पुन्हा म्हटलं.